केबिनमधली तिसरी जागा

गुंडानं ट्रकला नवे वायपर आणले, त्या संध्याकाळी त्याच्या बायकोनं, दिपालीनं, पहिल्यांदा भांडं आपटलं.

वायपरवर तिचा राग नव्हता. पण आदल्या दिवशी धुक्यासाठी पिवळे दिवे आले होते, त्याच्या आदल्या दिवशी बॅटरी, आणि त्याच्याही आधी ताडपत्री. ती भवानी पेठेतल्या एका शिवणाऱ्याकडून तीन ठिगळं लावून, दोऱ्या बदलून घरी आली आणि थेट पलंगावर जाऊन पडली. त्याच खोलीत दिपालीनं बाळाची झबली-टोपरी धुऊन वाळत घातली होती. आता त्या सगळ्यांना ताडपत्रीचा वास लागला होता.

"गाडीला एक कानटोपी घ्या की," ती म्हणाली. "तेवढीच ऱ्हायलीय."

गुंडानं गंभीरपणे मान हलवली. "बरी आठवण केलीस. रेडिएटरला म्होरनं पुठ्ठा बांधाय पायजे. तिकडं लई थंडी."

तेव्हा ते भांडं आपटलं गेलं.

त्यांची एकुलती लेक ऋतुजा लुधियानात होती. जावई दिग्विजय मूळचा सांगोल्याकडचा, पण त्या बाजूच्या कितीतरी पोरांसारखा मिसरूड फुटायच्या आधीच गलाईच्या कामाला परमुलखात गेलेला. सराफांकडचं जुनं सोनं वितळवून चोख करून द्यायचं, हे ते काम. ऋतुजाचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे सोलापुरात, आईकडं व्हायचं होतं. सातव्या महिन्यात तिनं यायचं ठरलंही होतं, पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासच बंद केला. नोव्हेंबरात मुलगा झाला. ऋतुजाची सासू लग्नाआधीच गेलेली, त्यामुळं घरात बाईमाणूस नाही. शेजारची एक पंजाबी बाई बाळाला आंघोळ घालायची. फोनमध्ये ती दिपालीकडं बघून हसायची, हात हलवायची. भली बाई होती. पण तिचा हात बाळाच्या पाठीवरून फिरताना बघितला की दिपाली उगाच म्हणायची, "पाणी लई गरम न्हाय न्हवं?"

"तुमी आल्याबिगर नाव ठेवत न्हाय," जावयानं सांगितलं होतं. बारसं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात धरलं. दिल्लीकडच्या रेल्वेचं तिकीट दिपालीनं तीनदा बघितलं, तिन्ही वेळा वेटिंग. तेवढ्यात गुंडाला अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यातून चादरी आणि टॉवेलचा माल मिळाला, सरळ लुधियानाचा. तो घरी येऊन म्हणाला, "गाडीच निघालीया तिकडं. चला की सगळी!"

चला की सगळी. या तीन शब्दांनी घराचं वाटोळं केलं.

सगळी म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं नाही. दिपालीनं मनात धरलं ती स्वतः. तिनं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यातून वीस दिवसांची रजा काढली, त्यासाठी आठ दिवस जेवणाची सुट्टी न घेता मशीन चालवलं. आणि तिच्या सासूनं, केराबाईनं, मनात धरलं ती स्वतः. केराबाईनं रजा काढायचा प्रश्न नव्हता. तिनं सरळ ट्रंक काढली.

पंचाहत्तरी उलटलेली केराबाई सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागं हिंडून वाढलेली. थंडी म्हणजे काय, ते आपल्याशिवाय या घरात कुणाला ठाऊक नाही, असं तिचं पक्कं मत होतं. दिपाली रात्री जे बांधायची, ते केराबाई सकाळी सोडायची. डिंकाचे लाडू डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घालायची, कारण पहिल्या डब्याचं झाकण तिला पसंत नव्हतं. बाळंतशेपा, ओवा, अळीव यांच्या पुड्या तिनं एका पिशवीत घातल्या आणि पिशवी कुठं ठेवली ते विसरली. ती सापडली दोन दिवसांनी, मालदांडी ज्वारीच्या पोत्यात.

"आत्या, हे पोतं कशाला? ज्वारी दळूनच न्हेऊ की."

"तितलं पानी येगळं. पीठ कडू हुतंय."

"दळायचं कुटं तितं?"

"जात्यावर."

"जातं कुटाय?"

केराबाईनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. जातंही जाणार होतं. त्याच्या शेजारी लाकडी पाळणा, दोन घोंगडी, हुलग्याचं पीठ आणि शेगडी. दिपालीनं कपाळावर हात मारला. एवढ्यावरही भागलं नाही. तिसऱ्या दिवशी केराबाईनं विचारलं, "गठ्ठ्यामदी एक शेरडू बसंल का रं, गुंडा? बाळंतिणीला दूध हुईल."

गुंडा त्या वेळी ग्रीसच्या डब्यात बोट घालून त्याचा घट्टपणा बघत होता. तो म्हणाला, "बघू की."

दिपालीला चोवीस वर्षांच्या संसारात या दोन शब्दांइतकं कशानंच छळलं नव्हतं. पोरीची शाळा कुठली? बघू की. गळकं छप्पर? बघू की. ट्रकच्या बाबतीत मात्र त्यानं कधी काही बघू म्हटलं नाही. ट्रकचं लगेच व्हायचं. या आठवड्यात त्यानं मागचे दोन टायर बदलले, स्प्रिंगच्या पाट्यांना तेल घातलं, ब्रेक दोनदा तपासून घेतले, कूलंट बदललं, केबिनच्या तळाला जिथं जिथं वारा शिरायचा तिथं चिंध्या कोंबल्या. त्या चिंध्यांत दिपालीचा एक चांगला परकर होता.

रविवारी ती एकटी नवी पेठेत गेली. गर्दीत धक्के खात तिनं स्वेटर, हातमोजे, कानटोप्या आणि बाळासाठी लोकरीचे मोजे घेतले. गुंडाचा स्वेटर घेताना मापाचा घोळ झाला म्हणून तिनं त्याला फोन केला.

"छाती किती तुमची?"

"कशाची?"

"तुमची! छाती!"

दुकानातल्या चार बायकांनी वळून बघितलं. पलीकडून ठोकाठोकीचा आवाज आला आणि गुंडा म्हणाला, "थांब, जॅक लावलाय." फोन बंद झाला. तिनं अंदाजानं घेतला. तो पुढं घट्टच झाला, पण त्याचं तिला काही वाईट वाटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती केबिनमधल्या बाकड्यासाठी शिवलेली गादी आणि खिडक्यांचे जाड पडदे घेऊन ट्रकपाशी गेली. हैदराबाद रोडवर ओळीनं ट्रक उभे होते. त्यांच्या ट्रकमध्ये माल भरून झाला होता, ताडपत्री तंग ताणली होती, आणि शरणप्पा दोरीच्या गाठी हातानं ओढून बघत होता. शरणप्पा अक्कलकोटकडचा, साठीचा, गुंडाचा जोडीचा ड्रायव्हर. बोलणं थोडं, त्यात अर्धं कानडी. पंजाबचा रस्ता त्यानं तीस वर्षं तुडवला होता. त्यानं गादी हातात घेतली, दाबून बघितली.

"छान केला वैनी. अव्वाला कंबर दुखणार नाही."

"अव्वाला?"

"अव्वा येणार नव्हं? का तुमी?"

"आमी दोघी," दिपाली म्हणाली.

शरणप्पानं गादी अशी काही सांभाळून खाली ठेवली की दिपालीला संशय आला.

"काय झालं?"

"तीन माणूस," तो अवघडून म्हणाला. "आरसीवर ड्रायव्हर धरून तीन लिहिलाय. चौथा दिसला की गाडी थांबवतात. मागच्या वर्षी एक दिवस उभा केला होता आमाला. आणि काय झालं वाटेत, तर विमावाला हात वर करतो." त्यानं बोटं मोजली. "गुंडप्पा एक. मी एक. एक जागा ऱ्हायला."

"ह्यास्नी ठावं हाय हे?"

शरणप्पानं ट्रकच्या खाली बघितलं. मागच्या चाकांमधून दोन पाय बाहेर आले होते. चपला ओळखीच्या होत्या.

दिपाली त्या पायांपाशी गेली.

"भाईर या."

"नट आवळतोय," ट्रकखालून आवाज आला.

"आत्यास्नी न्हेणार म्हणून सांगितलंत, मलाबी न्हेणार म्हणून सांगितलंत. जागा एक हाय."

पाय हलले नाहीत.

"आवो, मी कुनाशी बोलतीया? ह्या चपलांशी?"

"मी दोघींस्नी न्हाय सांगितलं," आवाज म्हणाला. "मी म्हणलं सगळी चला. तुमी दोघींनी धरून चाललात. आईला न्हाय कसं म्हणू? तुला न्हाय कसं म्हणू? म्हणलं, बघू..."

"बघू की! आठ दिस त्या गाडीच्या खिळ्याखिळ्याला इचारलंत, तुला थंडी वाजतीया का म्हणून. घरातल्या दोन बायास्नी एक शब्द इचारता आला न्हाय? हितं ह्या लोखंडाखाली लपून बसलाय, पन्नाशीचा बाप्या!"

शेजारच्या ट्रकवरचे दोघं चहा पिता पिता थांबले. दिपालीचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. शरणप्पा हळूच म्हणाला, "वैनी, मी ऱ्हातो. तुमी दोघी जावा."

"न्हाय!" आता मात्र पाय झटकन आत गेले आणि गुंडा दुसऱ्या बाजूनं बाहेर आला, तोंडावर काळा पट्टा, हातात पाना. "हरियाणात धुकं असतंय. मी एकटा अठराशे किलोमीटर न्हाय चालवणार त्यात. शरणप्पा पायजेच."

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळं दिपालीचा राग आणखीनच वाढला. कारण मग उरलेलं काम तिचं होतं. घरी जाऊन म्हातारीला सांगायचं काम. गुंडा ते करणार नव्हता, हे तिला त्याच्या हातातल्या पान्याकडं बघूनच कळलं. तो पाना तो उगाचच पुसत होता.

घराकडं येताना रिक्षात तिनं स्वतःशी सगळ्या बाजू मांडून बघितल्या. ऋतुजा लहान असताना दिपाली दिवसभर मशीनवर असायची. पोरीला खाऊ घातलं, शाळेत सोडलं, तापात मांडीवर घेऊन बसली ती केराबाई. तिचा हक्क नाही असं कोण म्हणेल? पण बाळंतपणात पोरीनं हाक मारली असेल ती आईला, आणि आई तिथं नव्हती. दीड महिना ही गोष्ट दिपालीला सलत होती. रिक्षा दारात थांबली तोवर तिचं ठरलं होतं.

केराबाई जातं पोत्यात घालून सुतळीनं शिवत होती.

"आत्या," दिपाली उभ्या उभ्याच म्हणाली, "गाडीत एकच जागा हाय. मी जाणार हाय."

आजवर सासूशी ती असं कधी बोलली नव्हती. तिला वाटलं, आता आरडाओरडा होईल, शेजारणी गोळा होतील. तसं काही झालं नाही. केराबाईनं सुतळी दातानं तोडली, दाभण कपाटात ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. संध्याकाळी भाकरी खाल्ली नाही. चहा प्यायली नाही. गुंडा आला, दोनदा "आये, आये" म्हणाला आणि ट्रकचे कागद नीट लावत बसला. माढ्याहून त्याची बहीण मथुरा आईच्या सोबतीला येणार होती. तिला दिपालीनं फोन करून उद्याच ये म्हणून सांगितलं. मग एकटीनं उरलेलं सामान बांधलं. जातं बाहेर काढलं. शेगडी बाहेर काढली. पाळणा राहू दिला.

सकाळी उठून बघते तर केराबाई घरात नाही. तिचं जाड घोंगडं नाही. लाडवाचा डबाही नाही.

गल्लीत कुणी बघितली नव्हती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं सांगितलं, आजी रिक्षात बसून गेल्या. गुंडाच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तेवढ्यात शरणप्पाचा फोन आला.

"गुंडप्पा, अव्वा हितं हाय. केबिनमध्ये."

"केबिनमदी? चढली कशी?"

"चढव म्हणाल्या. चढवला."

दोघं सामानासकट ट्रकपाशी पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. दहा वाजेपर्यंत निघायलाच हवं होतं. केराबाई केबिनमध्ये मधल्या जागी मांडी घालून बसली होती. दिपालीनं शिवलेली गादी तिच्या खाली होती आणि घोंगडं खांद्यावर. गुंडा खालून म्हणाला, "आये, उतर की. मानसं बघत्यात." केराबाईनं काचेतून समोर नजर लावली होती, जणू रस्ता आधीच सुरू झाला होता.

"तुमीच उतरवा तुमच्या आईला," दिपाली म्हणाली.

"तू बोल की."

"मी का? गाडी तुमची, आई तुमची..." ती अर्ध्यावरच थांबली. याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं पदर खोचला, दाराचा दांडा धरला आणि वर चढली. दार ओढून घेतलं.

आत बाहेरचा गोंगाट एकदम कमी झाला. केराबाई बोलली ती भलतंच.

"ह्यो एवढा मोठा आरसा कशाला?"

"मागचं दिसाया."

"आनि ह्यो दांडा?"

"गिअर हाय तो. आत्या, हे काय चालवलंय तुमी? रातभर जेवला न्हाय, सकाळी न सांगता निघून आलात. माझा जीव ऱ्हायला न्हाय जाग्यावर."

"बारा वर्सं झाली ह्या गाडीला," केराबाई म्हणाली. "नारळ मी फोडला. चाकाला हळदकुकू मी लावलं. दर दसऱ्याला लावती. एकदा तरी कुनी म्हणलं का, म्हातारे, आत बस?"

कुणीच म्हटलं नव्हतं. तिनंही नाही.

"मला तरी कुटं बसीवलंय?" ती म्हणाली. "भाड्याला उशीर हुतोय, घाई हाय, मागनं बघू. हेच ऐकलंय मी."

"त्येच्या बापाचंबी असंच हुतं. मेंढरांची नावं ठावं, पोरांची इसरायचा." केराबाईनं गादीवरून हात फिरवला. शिवण तपासत असावी. "नातीचं पोरगं बघावं वाटतंय मला. न्हाय कशी म्हणू? पर बाळंतिणीला आई पायजे, येवडं कळतंय मला. तू जा."

"मग काल का न्हाय म्हणालात असं? उपाशी निजलात!"

"काल हूं म्हणले असते, तर आज मला ह्या गाडीत कुनी बसीवलं असतं?"

म्हातारीच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा मागमूस नव्हता.

"आनि उपाशी न्हवते," केराबाई म्हणाली. "चार लाडू खाल्ले. झाकान बरूबर लागत न्हाय त्या डब्याचं."

मग तिनं आपली अट सांगितली. तुळजापूरपर्यंत. पंचेचाळीस किलोमीटर. आईचं दर्शन घेईन आणि एसटीनं परत येईन, मला काय तिकीट पडत नाही. मथुरा माढ्याहून बार्शीमार्गे तुळजापूरलाच येऊ दे. ठरवूनच आली होती ती.

"चार माणसं चालत न्हाईत, आत्या. तेच तर सांगतीया."

खालून शरणप्पानं काचेवर टकटक केली. त्याला किती ऐकू गेलं होतं कोण जाणे. "आयतु, झालं तर मग," तो म्हणाला. त्यानं आपली पिशवी आधीच खांद्याला लावली होती. "मी एसटीनं म्होरं जातो. तुळजापूर नाक्यावर थांबतो. अव्वा माझ्या जागेवर बसू दे."

गुंडा म्हणाला, "व्हय, हे बरं हुईल. माझ्याबी डोक्यात हेच आलं हुतं." दिपालीनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो मुकाट्यानं टायर बघायला गेला.

साडेदहाला ट्रक निघाला. पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला, कारण केराबाई दोनदा "हळू चालीव" म्हणाली आणि गुंडानं दोन्ही वेळा ऐकलं. दिपालीच्या मांडीवर लाडवाचा डबा, पायात हुलग्याचं पीठ. केराबाई खिडकीपाशी. वरून रस्ता कसा दिसतो, मोटारी किती लहान दिसतात, दोन्ही बाजूंना केवढी ज्वारी उभी आहे, यातलं काही ती बोलली नाही. फक्त मान इकडून तिकडं फिरत होती. एका माळावर मेंढरांचा कळप दिसला तेव्हा ती काचेला नाक लावून मागं जाईपर्यंत बघत राहिली. गुंडानं न विचारता भोंगा वाजवला. मेंढका हात वर करून उभा राहिला, आणि केराबाईनंही हात वर केला.

तुळजापुरात शरणप्पा चहा पिऊन तयार होता. मथुराची एसटी अजून यायची होती. केराबाईला खाली उतरवायला तिघं लागले. जमिनीला पाय लागताच ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लई हालतीया गाडी. कसलं त्या पाट्यांना तेल घातलं म्हनं! लुधियानापातूर तुमीच मरा." मग तिनं आपलं घोंगडं काढून दिपालीच्या हातात कोंबलं. "बाळाच्या अंगाखाली घाल. टोचतंय म्हनून काडू नको. टोचू दे जरा. आनि नाव ठेवायच्या आधी मला फोन कर. काय वाटेल ते ठेवाल."

त्यांना पाच दिवस लागले. हरियाणात धुकं इतकं दाट की समोरच्या ट्रकचे दिवे दोन हातांवर आल्यावर दिसायचे. गुंडा आणि शरणप्पा आळीपाळीनं चालवत होते, आणि एका ढाब्यावर सगळी वाहतूक चौदा तास थांबली. तिथं दिपाली दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून केबिनमध्ये थरथरत बसली. गुंडा दर तासाला खाली उतरून रेडिएटरचा पुठ्ठा जागेवर आहे का बघून यायचा. आपली बायको जागेवर आहे का, हे त्यानं एकदाच विचारलं. पण विचारलं तेव्हा त्याच्या हातात तिच्यासाठी वाफाळत्या चहाचा पेला होता, म्हणून तिनं उत्तर नीट दिलं.

लुधियानात पोचल्यावर ऋतुजा दारात उभी होती, सुकलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, छातीशी बाळ. दिपालीनं आधी बाळाला घेतलं नाही. तिनं लेकीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, मग पाठीवरून, आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. पाणी तापाया ठेव. न्हाऊ घालती तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची पंजाबी बाई बाळाला घेऊन उन्हात बसली. न्हाणीघरात बादलीतून वाफा निघत होत्या. दिपाली लेकीच्या पाठीला तेल चोळत होती आणि ऋतुजा गुडघ्यांत डोकं घालून डोळे मिटून बसली होती.

"आई," ती तशीच म्हणाली, "पप्पांच्या गाडीनं आलीस तू! कसं काय जमलं गं?"

"इचारू नकोस," दिपाली म्हणाली, आणि सांगायला लागली. बोलता बोलता तिचे हात जोरात चालत होते. ऋतुजा आधी गालात हसली, मग खो खो हसली, मग हसता हसताच रडली आणि पुन्हा हसली. दिपालीचं सांगून होईतो बादलीतलं पाणी पार निवलं होतं. तिनं दुसरं तापायला ठेवलं.